एका पूर्ण झालेल्या गाण्याची चौकशी

कोणत्याही कलेच्या वाढीतला सर्वांत मोठा अडथळा कोणता, याचा शांतपणे विचार केला तर उत्तर एकच निघतं : पूर्ण झालेली कलाकृती. अपूर्ण कलाकृतीला दोष देता येत नाही, कारण ती अजून व्हायची असते. तिची कुणाशी तुलना होत नाही, तिला कुणी नावं ठेवत नाही. पूर्ण झाली, की मात्र कुणीही उठून म्हणू शकतो, की ठीक आहे. (पुण्यात 'ठीक आहे' ही कौतुकाची जवळजवळ शेवटची पायरी आहे. बाहेरून आलेल्या कलावंतांना हे ठाऊक नसतं आणि ते बिचारे रात्रीच्या गाडीने परत जातात.)

हे सत्य ओळखून सात वर्षांपूर्वी सदाशिव पेठेत आमचं सिंथेसायझर साधक मंडळ स्थापन झालं. मी मंडळाचा कार्यवाह, बद्रीनाथ खळदकर. नोकरीने विमा कंपनीत दावे नामंजूर करण्याच्या विभागात आहे, त्यामुळे मंडळाचं लेखी काम ओघानेच माझ्याकडे आलं.

सिंथेसायझर म्हणजे बटणं, दिवे आणि गोल फिरवायचे नॉब असलेली एक पेटी. तिच्यात वीज सोडली की आवाज निघतो आणि नॉब फिरवला की तो आवाज बदलतो. हेच काम कॉम्प्युटरवर घरबसल्या होतं, म्हणून आम्ही ते कॉम्प्युटरवर करत नाही. आमचे सगळे सदस्य दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारे आहेत. छंदात तरी हाताला काही लागलं पाहिजे, अशी मंडळाची भूमिका आहे.

गेल्या मार्चअखेरची स्थिती अशी होती. सदस्य : अकरा. यंत्रे : चौऱ्याण्णव. केबल : तीन किलोमीटर दोनशे मीटर (मोजणी अध्यक्षांनी स्वतः केली). यंत्रांचे काढलेले फोटो : सहा हजारांच्या वर. पूर्ण झालेली गाणी : निरंक.

हा 'निरंक' सहजासहजी आलेला नव्हता. त्यामागे शिस्त होती आणि नियमही होता. मंडळाच्या घटनेतला नियम चार सांगतो, की 'प्रत्येक सदस्य सदैव प्रगतिपथावर असावा.' बाकीचे सव्वीस नियम चहाच्या कपांबद्दल आहेत.

मंडळाची कल्पना केयूर मायदेव याची. केयूर हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथे एकदा मनःस्वास्थ्यावर बोलायला एक बाई आल्या आणि त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "तुमचा क्रिएटिव्ह साइड प्रोजेक्ट काय?" केयूरकडे तो नव्हता. त्याच आठवड्यात पहिलं यंत्र घरी आलं. त्यातून सूर निघायचा, पण ठेका निघत नव्हता, म्हणून दुसरं आलं. ठेका कोरडा वाटायला लागला, म्हणून घुमारा देणारं तिसरं. तिघं एका लयीत चालेनात, म्हणून त्यांना हाकणारं चौथं. चौथ्याचं पहिल्याशी पटेना, म्हणून दोघांत मध्यस्थी करणारं पाचवं. एवढं झाल्यावर संगीताला स्वतंत्र खोली लागणं साहजिक होतं. केयूर आणि त्याची बायको नीरजा हॉलमध्ये झोपायला आले.

नीरजा कॉलेजात गणित शिकवते. ती या सगळ्याला एका शब्दानेही विरोध करत नसे. पाहुणे आले आणि त्यांनी चुकून त्या खोलीचं दार उघडलं, तर एवढंच म्हणायची, "आत जाऊ नका. तिथे गाणं व्हायचंय."

त्या खोलीत केयूरने आठ मात्रांचे चारशे बारा तुकडे तयार केले. मी त्यांतले बरेच ऐकले आहेत. प्रत्येक तुकडा सुंदर सुरू होतो आणि आठव्या मात्रेनंतर पुन्हा सुंदर सुरू होतो. नववी मात्रा कशी असते, हे केयूरला ठाऊक नव्हतं. त्याला खरोखरच एक गाणं करायचं होतं. एक तरी. हे त्याने मला एकदाच, सारसबागेसमोर भेळ खाताना सांगितलं आणि लगेच विषय बदलला. मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे केयूरचे वडील, गोपाळकृष्ण मायदेव. वैधमापन खात्यातून निवृत्त. वजनं आणि मापं तपासण्यात हयात गेलेली, त्यामुळे अर्धवट बोलणं त्यांना चालत नाही. बैठका त्यांच्या हॉलमध्ये होतात, म्हणून अध्यक्षपद त्यांच्याकडे. कोणी काहीही विचारलं, तरी ते एकच उत्तर देत : "विषयपत्रिकेत नाही ते." या करारीपणामुळे मंडळात सात वर्षं एकही वाद झाला नाही.

गेल्या जूनमध्ये केयूरने एक करडं, छोटं यंत्र विकायला काढलं. ते बिघडलं नव्हतं. त्याच यंत्राची नवी आवृत्ती येणार होती आणि तिला फळीवर जागा हवी होती. जाहिरात वाचून दोन गल्ल्या पलीकडच्या क्लिनिकमधून कल्याणी ओव्हाळ नावाच्या बाई आल्या. वय चौतीस-पस्तीस, व्यवसाय श्रवणतज्ज्ञ. म्हणजे कोणाला किती ऐकू येतं, हे तपासणाऱ्या. त्यांच्यातलं बोलणं केयूरने मला नंतर शब्दशः सांगितलं.

"हे किती खाली जातं?" कल्याणीताईंनी विचारलं.

"खाली म्हणजे... जाहिरातीत दिलंय तेच शेवटचं," केयूर म्हणाला.

"आवाज विचारतेय मी. खर्ज."

"अच्छा, आवाज! जाईल तितका. माणसाला ऐकू येतं त्याच्याही खाली."

"तितका नको. ऐकू यायला हवाय."

अशी मागणी केयूरने पूर्वी ऐकली नव्हती. तो जरा गोंधळला.

"आणि झटका न बसता हळूहळू चढवता-उतरवता येईल?"

"येईल की. त्यासाठी ह्याच्यात एक फिल्टर आहे, जुन्या पद्धतीचा, त्याचं वैशिष्ट्य असं की—"

"कुठला नॉब?"

"हा."

"बरं," म्हणून त्यांनी यंत्र पिशवीत घातलं. सगळा व्यवहार अकरा मिनिटांत आटपला. (आमच्या मंडळात यंत्र निवडायला सरासरी पाच महिने लागतात. त्यांतले चार इतरांना विचारण्यात जातात आणि एक त्यांचं न ऐकण्यात.)

यंत्राची माहितीपुस्तिका मात्र केयूरने दिली नाही. ती सदस्यांनाच देण्याची प्रथा आहे. कल्याणीताईंनी तिथेच फॉर्म भरला आणि त्या मंडळाच्या बाराव्या सदस्य झाल्या.

जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला त्या बैठकीला आल्या. विषयपत्रिकेवर 'कोणत्या कामासाठी कोणत्या रंगाची केबल' हा विषय सलग तिसऱ्या वर्षी चर्चेला होता. विश्वजीत शाळिग्राम बोलत होता. आमच्यात ध्वनिशास्त्रातलं सगळ्यांत जास्त कळतं ते विश्वजीतला. हे त्याने स्वतःच आम्हाला सांगितलेलं आहे. पाऊण तास ऐकून घेतल्यावर कल्याणीताईंनी विचारलं, "आज कोण काय वाजवणार आहे?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"विषयपत्रिकेत नाही ते," अध्यक्ष म्हणाले.

कल्याणीताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. पुस्तिका घेतली आणि गेल्या.

गणपतीनंतरच्या मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा संदेश आला. सोबत एक ध्वनिफीत होती. संदेश असा : 'झालं. पाच मिनिटं अकरा सेकंद. ऐकून सांगा.'

पहिली तीन मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. त्यानंतर तासाभरात त्रेसष्ट संदेश आले. कोणती केबल वापरली? ध्वनिमुद्रण कशावर केलं? टेबलाचा फोटो टाकाल का? मग विश्वजीतने मुद्द्यालाच हात घातला.

'हे फायनल आहे की डेमो?'

'फायनल,' कल्याणीताईंनी लिहिलं.

'पण पुढे बदल करालच ना?'

'नाही. झालंय.'

त्यानंतर दिवसभर ग्रुप शांत होता. तुम्ही ते ऐकलं का, असं मात्र कोणी कोणाला विचारलं नाही. विचारणाऱ्यालाही तेच उलट विचारलं गेलं असतं.

केयूरने संध्याकाळी मला फोन केला. "बद्री, माझं यंत्र होतं रे ते," तो म्हणाला. "चार वर्षं माझ्या फळीवर होतं." मी म्हटलं, की नियम चारचा भंग झालेला सकृद्दर्शनी दिसतो आणि विशेष बैठक बोलवावी लागेल. तो हो म्हणाला. मला वाटतं, त्या क्षणी त्याला कोणतीही बैठक चालली असती.

विशेष बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भरली. गणसंख्या पूर्ण होती. स्थापनेच्या दिवसानंतर प्रथमच. कल्याणीताई आपल्या आईला घेऊन आल्या. चंद्रभागाबाई ओव्हाळ महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आहेत. वय बहात्तर, पांढरी साडी, आणि आवाज चार तुकड्यांच्या मैदानाला पुरेल एवढा. त्या खुर्चीत बसल्या आणि आमचे पाय आपोआप जवळ आले.

मी आरोप वाचून दाखवला. सदस्येने गाणं पूर्ण केलं आहे, पूर्ण केल्याचं लेखी कबूल केलं आहे, आणि त्यात फेरफार करण्यास नकार दिला आहे. सबब ती प्रगतिपथावर राहिलेली नाही.

"पण गाणं करायलाच सगळे जमता ना तुम्ही?" कल्याणीताईंनी विचारलं.

"त्या दिशेने जमतो," मी म्हणालो.

विश्वजीतने तांत्रिक बाजू मांडली. त्याने लॅपटॉपच्या पडद्यावर गाण्याचा आलेख लावला. गाणं लावलं नाही; आलेखात सगळं कळतं, असं त्याचं म्हणणं होतं. "हे बघा, डावीकडे खर्ज, उजवीकडे वरचे स्वर," तो म्हणाला. "डावीकडे चांगला डोंगर आहे. मध्यावर आल्यावर एकदम उतार. पुढे सपाट माळ. वरचं काहीच नाही. झांज नाही, चमक नाही. नवशिक्यांकडून होतं असं, त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"झालेलं नाहीये ते," कल्याणीताई म्हणाल्या. "केलंय."

त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरला. कानाच्या तपासणीचा तक्ता होता तो. वर नाव लिहिलेलं, चंद्रभागा ओव्हाळ. कागदावर डावीकडे डोंगर होता. मध्यावर उतार होता. पुढे सपाट माळ होता. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली असती, तर रेघेवर रेघ बसली असती.

"आईला आता वरचं ऐकू येत नाही," कल्याणीताई म्हणाल्या. "कुकरची शिट्टी नाही, दाराची बेल नाही. मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रक तेवढे ऐकू येतात. कानाला मशीन आहे, पण म्हणते, त्यात सगळं भांडी पडल्यासारखं वाजतं. आमच्या घरी रेडिओ कधी बंद नसायचा. तीन वर्षं झाली, लावलेला नाही. तिला येतं ना ऐकू, तेवढ्यातच बसवलंय मी हे. बाहेर काही जाऊ दिलं नाही."

सभागृहात शांतता पसरली, असं इतिवृत्तात नमूद आहे. ती किती वेळ होती ते नमूद नाही, कारण घड्याळाकडे बघायचं राहून गेलं.

"काय म्हणाले ते?" चंद्रभागाबाईंनी विचारलं. हॉलच्या खिडकीची तावदानं हलली.

"वरचे स्वर नाहीत म्हणतात!" कल्याणीताई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या.

"बरोबर आहे. नाहीतच," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आता लावा. सगळे गप्प बसून ऐका."

आम्ही लावलं. सात वर्षांत मंडळाच्या बैठकीत काही वाजण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे स्पीकर कुठे ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली. शेवटी तो लाकडी टीपॉयवर ठेवला. चंद्रभागाबाईंनी टीपॉयवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. विश्वजीत आलेखाकडे बघत होता. दोघे सदस्य स्पीकरचे फोटो काढत होते. केयूर जमिनीकडे बघत होता. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास त्याने चष्मा काढून पुसला, जो मुळात स्वच्छ होता. मी इतिवृत्त लिहीत असल्यामुळे मला गाणं ऐकता आलं नाही.

संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा लावा."

"काही शंका आहे का अध्यक्षांना?" मी विचारलं.

"पुन्हा लावा," अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या वेळी अध्यक्ष, म्हणजे गोपाळकृष्णकाका, खुर्ची ओढून टीपॉयजवळ आले आणि त्यांनीही त्यावर हात ठेवला. मी तेव्हा इतिवृत्ताची पक्की प्रत करत होतो.

"मधे एकदा शाळेच्या जिन्यावरून पोरं उतरतात," चंद्रभागाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मधल्या सुट्टीची. लाकडी जिना होता आमचा."

"ते मी नाही केलेलं, आई," कल्याणीताई म्हणाल्या.

"पोरं उतरली," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि तो विषय तिथे मिटला.

मग ठराव झाले. एक, नियम चारचा भंग सिद्ध होत आहे. दोन, हा पहिलाच प्रमाद असून तो आईसाठी घडलेला असल्याने समज देऊन सोडण्यात यावं. तीन, सदर गाण्याने खर्जाचं महत्त्व अधोरेखित झाल्यामुळे एक खर्ज अभ्यास उपसमिती नेमण्यात यावी. तिन्ही ठराव एकमताने संमत झाले. कल्याणीताईंनी समज ऐकून घेतली आणि अध्यक्षांकडे वळून, त्यांच्या अगदी समोर येऊन, सावकाश विचारलं, "काका, तुम्ही उद्या माझ्या क्लिनिकमध्ये याल का?"

काकांनी त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं. "येईन," ते म्हणाले.

तपासणीत निघालं ते असं. गोपाळकृष्णकाकांनाही पाच-सहा वर्षं वरचं ऐकू येत नव्हतं. बोलणं म्हणजे नुसती पुटपुट ऐकू यायची, शब्द वेगळे होत नसत. बैठकीतले प्रश्न त्यांना कळतच नव्हते. विषयपत्रिका मात्र वाचता येत होती. मंडळाच्या सात वर्षांच्या ऐक्याचं रहस्य हे होतं. (याची वाच्यता करू नये, असं ठरलं आहे.)

कल्याणीताईंना पहिल्या बैठकीतच शंका आली होती. चौऱ्याण्णव यंत्रांपैकी एकतीस ज्या घरात होती, आवाजातला केसाएवढा फरक ज्या घरात तासन्‌तास तपासला जात होता, त्या घरात ही शंका कोणाला आली नव्हती. केयूरने काकांच्या कानाचा तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, असं नीरजा सांगते. मग त्याने वडिलांशेजारी बसून मोठ्याने विचारलं, "बाबा, बोलला का नाहीत कधी?"

"मला वाटलं, तू काही वाजवतच नाहीस," काका म्हणाले. "म्हणून ऐकू येत नसेल."

"नव्हतोच वाजवत," केयूर म्हणाला.

"मग माझं चुकलं नाही," काका म्हणाले, आणि मापात काही फरक निघाला नाही याचं त्यांना समाधान वाटलं.

दरम्यान, उपसमितीने कामाचा झपाटा लावला. महिनाभरात सदस्यांकडे मिळून एकोणीस नवी यंत्रं आणि सात मोठे स्पीकर दाखल झाले, सगळे खर्जासाठी. मायदेवांच्या इमारतीत तळमजल्याला डेअरी आहे. तिथले श्रीखंडाचे डबे फळीवरून आपण होऊन पुढे सरकू लागले. मालकांनी लेखी तक्रार केली, की तुमचं संगीत ऐकू येत नाही, पण जाणवतं. मंडळाला मिळालेला हा पहिलाच अभिप्राय असल्याने तो फ्रेम करून लावला आहे.

केयूर यात पडला नाही. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी तो गुलटेकडीला ओव्हाळांच्या घरी गेला. आपलं करडं यंत्र परत मागायला. बाबांसाठी एक गाणं करायचं होतं आणि ते त्याच यंत्रावर होईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. कल्याणीताई भाजी निवडत होत्या. त्याने अडखळत सांगितलं. नवी आवृत्ती देऊ केली, शिवाय वर आणखी दोन यंत्रं.

"दोन कशाला?" कल्याणीताई म्हणाल्या. "तुमचंच आहे, न्या की. माझं झालंय."

"त्यात तुमचं गाणं साठवलेलं असेल... पुसलं गेलं तर?"

"पुसा. आमच्याकडे आहे ते."

चंद्रभागाबाई कोचावर बसल्या होत्या. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही काय केलंत आजवर ह्यावर?"

"सध्या सेटअप चालू आहे," केयूर मोठ्याने म्हणाला.

"किती वर्षं?"

"सात."

"सात वर्षांत आमची पोरं पहिलीची सातवीत जायची," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "त्यातली निम्मी ढ होती. तरी जायची." मग बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं. "खा."

यंत्र मांडीवर घेऊन तो रिक्षातून परतला. एवढ्या काळजीने त्याने पूर्वी काही आणलं नव्हतं, असं तो म्हणतो. घरी आल्यावर त्याने बाकीच्या सगळ्या यंत्रांवर चादर टाकली, वडिलांच्या कानाचा तक्ता भिंतीवर लावला, आणि तीन आठवडे रोज ऑफिसनंतर दार लावून बसला. नीरजा पाहुण्यांना काही म्हणेनाशी झाली. मीही दोनदा चौकशीला जाऊन दारावरूनच परत आलो. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं, की या वेळी होणार.

डिसेंबरात त्याने काकांना आत बोलावलं. काका स्टुलावर बसले, फळीवर हात ठेवला आणि ऐकू लागले. नीरजा दारात उभी होती. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं. त्यांनी मान डोलावली. "येतंय, येतंय ऐकू," ते म्हणाले. "सुंदर आहे रे!" मग थोडं थांबून, उत्सुकतेने, "पुढे?"

केयूरने नॉबवरचा हात काढला.

"पुढे हेच पुन्हा आहे, बाबा," तो म्हणाला.

"असू दे," काका म्हणाले. आणि तेच पुन्हा, वीस-बावीस वेळा, नीट ऐकत बसले.

हा केयूरचा चारशे तेरावा तुकडा. मंडळाच्या दृष्टीने तो आजही निष्कलंक सदस्य आहे. काका मात्र आता दर गुरुवारी दुपारी रिक्षा करून गुलटेकडीला जातात. तिथे टीपॉयवर हात ठेवून ते आणि चंद्रभागाबाई कल्याणीताईंचं गाणं ऐकतात, मग चहा घेतात, मग ते पुन्हा ऐकतात. एकमेकांशी बोलताना दोघं इतके मोठ्याने बोलतात, की समोरच्या इमारतीतल्या इंदुबाईंना दोघांच्या घरचं सगळं माहीत झालं आहे. परवा इंदुबाईंनी स्वतः येऊन विचारलं, "ते गाणं मलापण ऐकू द्याल का?" मंडळाबाहेरून आलेली ही पहिली विचारणा. मंडळातून आलेली नाही. ध्वनिफीत ग्रुपवर अजून आहे. पण ती चांगल्या हेडफोनवर ऐकावी असं सर्वानुमते ठरलं असून कोणते हेडफोन, यावर चर्चा चालू आहे.

हा वृत्तांत छापायला देण्यापूर्वी मी चौदा जणांना वाचायला दिला होता. सगळे सुशिक्षित, रसिक, नाटकाला पहिल्या रांगेत बसणारे. वाचून होईपर्यंत प्रत्येकाला साधारण पंधरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ते गाणं जवळजवळ तीनदा ऐकून झालं असतं. चौदाही जणांना वृत्तांत आवडला. दोघांचे डोळे पाणावले. मग नऊ जणांनी विचारलं, की त्या करड्या यंत्राचं नाव काय, आणि पाच जणांनी विचारलं, की ते आता कुठे मिळेल.

आपणही इथपर्यंत आला आहात. आपल्या मनात कोणता प्रश्न आला, ते आपल्याला ठाऊक. यंत्राची माहिती हवी असणाऱ्यांसाठी छापील अर्ज तयार आहेत. रविवारी दहा ते बारा या वेळेत माझ्याकडे मिळतील. गाणं ऐकण्यासाठीचा अर्ज छापलेला नाही. मागणी नाही.